फाट्यावर थांबलेला ठिपका

वाहेदभाई चहा पीत नाहीत. ही गोष्ट मला पहिल्या महिन्यापासून माहीत होती. खामगावच्या आमच्या ऑफिसात ते दर सोमवारी दुपारी यायचे, तेव्हा बाकीच्यांसमोर कप यायचे आणि त्यांच्यासमोर पाण्याचा पेला. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. लहानपणी उकळत्या चहाचं पातेलं अंगावर आलं होतं, तेव्हापासून चहाचा वाससुद्धा त्यांना नकोसा होतो. हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पुढे हजेरीवर सही करताना त्यांची बाही वर सरकली, की तो डाग मला दर सोमवारी दिसायचा.

हे आधीच लिहून ठेवतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला पुढे राहू नये.

येत्या एप्रिलमध्ये मी निवृत्त होतो आहे. बी.कॉम. झाल्यापासून माझं आयुष्य कागदांत गेलं. कागदाला कागद जुळला पाहिजे, तारखेला तारीख जुळली पाहिजे, आणि ज्याची नोंद नाही ते घडलं नाही, असं मी मानत आलो. ऑफिसात लोक माझ्या फायली दाखवायला पाहुण्यांना घेऊन यायचे. मला त्याचा अभिमान होता. त्याच फायलींपैकी एकीत हा सगळा प्रकार अजून तारीखवार लावलेला आहे.

सन २०१७च्या हिवाळ्यात आमच्या भागात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बीटी बियाणं आलं तेव्हा लोकांनी बोंडअळीचं नावच सोडून दिलं होतं. पंधरा वर्षं कोणी बोंड फोडून आत पाहिलं नव्हतं. त्या वर्षी बोंडं फुटली ती किडकी, काळपट, आणि आत गुलाबी अळी. वेचायला लावलेल्या बायकांच्या अंगाला खाज सुटायची, आणि अर्धं वावर न वेचताच जनावरांना मोकळं करावं लागलं. दुसऱ्या वर्षी हे आधी कळावं म्हणून एका खाजगी संस्थेने जिल्ह्यात निगराणीचा प्रकल्प घेतला. त्याच्या खामगावच्या ऑफिसात अहवालाचं काम माझ्याकडे होतं.

काम साधं होतं. वावरात काठीवर कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाने रात्रीतून नर पतंग येऊन अडकतात. आमच्या माणसाने रोज सकाळी जाऊन ते मोजायचे आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा भरायचा. एका सापळ्यात सरासरी आठ पतंग, असं सलग तीन दिवस भरलं, तर त्या शिवाराला धोक्याचा इशारा द्यायचा. इशारा गेला की शेतकऱ्यांनी डोमकळ्या तोडून जाळायच्या आणि लगेच फवारणी करायची. डोमकळी म्हणजे अळी आत शिरल्यामुळे मिटलेलंच राहिलेलं फूल. आठ दिवस उशीर झाला तर अळी बोंडात जाते, आणि मग बाहेरून काही मारा केला तरी तिला लागत नाही.

वाहेदभाई पिंपळगाव राजाचे. त्यांचे वडील पिंजारी होते. गावोगाव धुनकी घेऊन फिरायचे, लोकांच्या दारात बसून गाद्यांचा कापूस पिंजायचे. तो धंदा मशिनीने नेला. वाहेदभाई मग वीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायला होते. आमच्याकडे मुलाखतीला आले तेव्हा पन्नाशीचे होते. बाकी उमेदवारांकडे प्रमाणपत्रं होती, यांच्याकडे काहीच नव्हतं. टेबलावर नमुन्यासाठी ठेवलेलं एक बंद बोंड त्यांनी उचललं, दोन बोटांत फिरवलं आणि आत खराब आहे म्हणाले. आम्ही फोडलं. एक कप्पा सडलेला होता, त्यात अळी. तिथेच त्यांना कामावर घेतलं.

त्यांची एक सवय होती. मोजलेले पतंग ते फेकून देत नसत. काडेपेटीत भरायचे, वर तारीख आणि ज्याचं वावर त्याचं नाव लिहायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले की माल दाखवल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे वडिलांनी शिकवलं आहे. आम्ही हसलो होतो. त्यांच्या घरी हुस्नबानोभाभी म्हणे या काडेपेट्यांमुळे वैतागून गेल्या होत्या, चूल पेटवायला घेतली की आतून पाखरं निघायची.

आता अ‍ॅपबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

प्रत्येकाच्या मोबाईलमधलं अ‍ॅप तो माणूस कुठे आहे हे दर काही मिनिटांनी आमच्या ऑफिसला कळवायचं. ऑफिसच्या संगणकावर जिल्ह्याचा नकाशा असायचा आणि त्यावर ठिपके. ठिपक्याखाली नाव. माणूस चालला की ठिपका सरकायचा. आमच्या संगणक ऑपरेटर प्रेरणा यांनी पुण्याला जाऊन याचं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि आल्यावर आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं. ती वही माझ्यासमोर आहे. त्यात माझ्याच अक्षरात असं आहे: “निळा ठिपका – माणूस आत्ता तिथे आहे. राखाडी ठिपका – शेवटची माहिती तिथून आली, आत्ता कुठे आहे ते माहीत नाही. रेंज नसेल तर मोबाईल जागा स्वतःजवळ साठवतो, रेंज आली की एकदम पाठवतो.” खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

मी पद्धत ठरवली, की रोज सकाळी अकरा वाजता त्या नकाशाची प्रिंट काढायची, पंच करायची आणि फायलीला लावायची. सकाळचं मोजमाप तोवर संपलेलं असतं, असा हिशेब. आमच्या प्रिंटरमध्ये काळी शाईच होती. प्रेरणा एकदा म्हणाल्या, “सर, दुपारी एकदा स्क्रीनवरही बघत जाऊ या का? मागाहून आलेली जागा तेव्हा दिसते.” मी म्हणालो की अकराचा कागद म्हणजे अकराचा कागद, दुपारी त्यात भर घातली तर त्याला नोंद म्हणायची कशी?

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी फाईल चाळत बसलो होतो. महिनाअखेरीला मी सगळे कागद पुन्हा पाहतो. वाहेदभाईंचा ठिपका एका प्रिंटवर फाट्यावरच्या सिंधूताईच्या चहाच्या हॉटेलपाशी होता. आदल्या दिवशीच्या प्रिंटवर तिथेच. त्याच्या आदल्या दिवशी तिथेच. मी महिन्याचे सगळे कागद टेबलावर पसरले. सव्वीस कागद, आणि सव्वीसही दिवस माणूस अकरा वाजता सिंधूताईच्या हॉटेलात. मग मी आकड्यांचा तक्ता काढला. त्यात आकडा ऑफिसला पोचल्याची वेळ असते. त्यांचे आकडे रोज बारा-साडेबाराला, सगळे सापळे एकाच मिनिटात आलेले. माझ्या दृष्टीने जोडणी पूर्ण झाली. माणूस हॉटेलात बसतो, तिथेच मनाने आकडे भरतो आणि घरी जातो.

मी त्यांना फोन लावला. सकाळचे दहा वाजले होते. फोन संपर्क क्षेत्राबाहेर आहे, असं सांगण्यात आलं. फाट्यावर तर मोबाईलचा टॉवरच आहे. तिथे बसलेल्या माणसाचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर कसा असेल, एवढा एक प्रश्न मला पडायला हवा होता. मी वहीत लिहिलं: “फोन बंद ठेवतात.”

याच फायलीतली आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती लिहिली नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. राजकुमार हा आमचा मेहकर तालुक्याचा माणूस, माझ्या साडूचा धाकटा भाऊ. जुलैत त्याचाही ठिपका चार दिवस हिवरा आश्रम गावात त्याच्या सासुरवाडीपाशी दिसला होता. मी त्याला फोन केला आणि विचारलं, काय जावईबापू, पुरणपोळी झाली का? तो हसला, म्हणाला पाणी प्यायला थांबलो होतो, पुढे रेंज जाते. मी हो म्हणून कागदावर बरोबरची खूण केली. तेच कारण, तोच काळा ठिपका. एकाला मी जावईबापू म्हणालो. दुसऱ्याला ऑफिसात मी नुसतं आडनावाने ‘मन्सुरी’ म्हणायचो.

आणि त्याच आठवड्यात वाहेदभाईंचे आकडे आठाच्या वर गेले होते. त्या शिवारातले शेतकरी किसनराव, त्यांच्या वावरातल्या सापळ्यात नऊ, मग अकरा, मग चौदा. सलग तीन दिवस. नियमाप्रमाणे इशारा द्यायला हवा होता. मी तो थांबवून ठेवला. फुगवलेले आकडे आहेत, काम दाखवायला वाढवले असतील, असं माझं मत झालं.

सोमवारी ते आले. पाण्याचा पेला समोर आला. त्यांनी पिशवीतून तीन काडेपेट्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या. त्यांना इशाऱ्याची घाई होती. मी त्यांच्यासमोर सव्वीस कागदांचा गठ्ठा ठेवला आणि वरच्या कागदावर पेन टेकवून हे काय आहे ते विचारलं.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “हे सिंधूताईचं हॉटेल हाय.”

“बरोबर ओळखलंत. सव्वीस दिवस.”

“साहेब, मी चहा पेत नाही.”

एवढंच म्हणाले. मागच्या बाकावरून राजकुमार म्हणाला, “मंग भजे खात असान.” सगळे हसले. मीही हसलो.

वाहेदभाई हसणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “चाला ना वावरात. आत्ताच चाला. गाडी हाय माह्यापाशी. किसनरावच्या वावरात पाय ठेवसान, तं दहा झाडाले दोन डोमकळ्या दिसतीन.”

मी म्हणालो की नकाशा कोणाच्या बाजूने बोलत नाही आणि मला फिरायला वेळ नाही. त्यांनी काडेपेट्या माझ्याकडे सरकवल्या, निदान मोजून घ्या म्हणाले. मी म्हणालो, नोंदीत काडेपेटीचा रकाना नाही.

ते उठले. पेट्या उचलल्या नाहीत. “ठेवा तुमच्यापाशी,” म्हणाले. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं.

त्याच संध्याकाळी मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. कोणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. सव्वीस प्रिंटा जोडल्या. दोन दिवसांत त्यांचं काम थांबवल्याचा निरोप आला, आणि त्या शिवारातले सगळे आकडे रद्द झाले. मी इथेही थांबलो नाही. त्या गावच्या शेतकऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात मी सूचना टाकली: “या शिवारातील नोंदी प्रत्यक्ष वावरात न जाता भरल्याचे आढळल्याने त्या ग्राह्य धरू नयेत.” मसुदा तीनदा वाचून मग पाठवला. भाषा चोख होती.

त्या सूचनेने काय झालं हे मला दीड महिन्याने कळलं. ऑफिसच्या इशाऱ्याची वाट न पाहता वाहेदभाई घरोघर जाऊन डोमकळ्या तोडा म्हणून सांगत फिरत होते. किसनरावांनी दोन तासांतल्या, म्हणजे झाडांच्या दोन ओळींतल्या, तोडल्याही होत्या. माझी सूचना वाचल्यावर त्यांनी हात थांबवला. ज्याने सापळे पाहिलेच नाहीत त्याचं काय ऐकायचं, असा सरळ विचार. किसनराव गोठ्याचं काम उरकून दहाला वावरात यायचे. वाहेदभाई आठच्या आत त्यांचा सापळा मोजून नाल्यापलीकडे गेलेले असायचे. त्यामुळे कधी दिसायचे, कधी नाही. मी लिहून दिलं की नव्हतेच, तर लोकांना ते नव्हतेच वाटले.

ऑक्टोबरच्या मध्यात त्या शिवारातला कापूस तपासायला सांगितलं गेलं. तक्रारी आल्या होत्या. पाहणी मलाच करायची होती. माझ्या मोबाईलमध्ये अ‍ॅप घातलेलं होतं. प्रेरणांना मी सांगून गेलो की अकराची प्रिंट नेहमीसारखी काढून फायलीला लावा.

मी साडेआठला फाट्यावर पोचलो. सिंधूताईंनी चहा दिला. तिथून नाल्याच्या अंगाला उतरलो. जमीन खोलगट आहे, रस्ता दिसेनासा होतो. किसनरावांच्या वावरात कापूस डोक्याइतका वाढलेला, हिरवागार. लांबून कोणालाही वाटलं असतं की पीक चांगलं आहे. मी एक बोंड फोडलं. मग दुसरं. वीस बोंडं फोडली, त्यात पंधरा किडकी. अळ्या आता जाड आणि गडद झालेल्या. बांधावर वाहेदभाईंनी लावलेल्या सापळ्याची काठी उभी होती, प्लॅस्टिकची पिशवी फाटून लोंबत होती. काठीपर्यंत जायची पायवाट झाडांमधून स्पष्ट दिसत होती. रोज एकाच माणसाचे पाय पडून झालेली, वीतभर रुंद. पुढे नाल्यापलीकडे दुसऱ्या काठीकडे गेलेली, तशीच.

त्या पायवाटेवर मी उभा राहिलो. आपण चुकलो हे तिथेच कळलं. कसं चुकलो ते अजून कळलं नव्हतं.

दुपारी दोनला ऑफिसात आलो. फाईल उघडली. अकराची प्रिंट लावलेली होती. नकाशावर फाट्याच्या हॉटेलपाशी एक काळा ठिपका होता आणि त्याखाली माझं नाव.

मी प्रेरणांना बोलावलं. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा ठिपका निळा होता, ऑफिसातच. त्याच्यामागे बारीक रेघ. ती फाट्यावरून नाल्यात उतरली होती, किसनरावांच्या वावरात वळसे घेत फिरली होती आणि परत फाट्यावर आली होती. मी रेंजमध्ये परत आल्याबरोबर मोबाईलने साठवलेली सगळी वाट पाठवून दिली होती. मी ऑगस्टच्या तारखा काढायला सांगितल्या. वाहेदभाईंच्या सव्वीस रेघा एकेक करून पडद्यावर आल्या. रोज सातला फाटा, मग किसनरावांचं वावर, मग नाला, मग पलीकडचे सापळे, साडेबाराला परत फाटा. त्या रेघा रोज दुपारी साडेबारापासून या पडद्यावर होत्या. मी माझी फाईल अकराला बंद करत होतो.

“अकरा वाजता ठिपका कोणत्या रंगाचा असतो?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

“राखाडी, सर. प्रिंटमध्ये दोन्ही सारखेच येतात.” मग म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही पडद्यावर पाहूनच पत्र लिहिलं असेल.”

त्या गेल्यावर मी खणातल्या काडेपेट्या काढल्या. तिसरी उघडली. दीड महिन्यात पतंग वाळून कागदासारखे झाले होते, राखाडी-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढे. पांढऱ्या कागदावर ओतून पेनाच्या टोकाने एकेक बाजूला केले. चौदा होते.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या ऑफिसला खुलासा पाठवला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: “मोबाईल अ‍ॅपमधील तांत्रिक कारणामुळे सदर कर्मचाऱ्याचे स्थान चुकीचे दर्शविले गेले.” चूक अ‍ॅपची नव्हती. अ‍ॅपने राखाडी दाखवलं होतं, दुपारी खरी वाटही दाखवली होती. तरी मी तसं लिहिलं. वाहेदभाईंना परत कामावर घ्यावं अशी शिफारसही केली, आणि ती मंजूर झाली.

ते पत्र घेऊन मी पिंपळगाव राजाला त्यांच्या घरी गेलो. हुस्नबानोभाभींनी पाणी दिलं आणि आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. वाहेदभाईंनी पत्र वाचलं, घडी घालून मला परत दिलं.

“नोकरीचं राहू द्या साहेब,” ते म्हणाले. “लोक मले फाट्यावर पायलं का हसतात. काय वाहेदभाई, चहा कट का फुल? असं इचारतात. किसनराव माह्यासंगं बोलत नाही. तुमी एक डाव तिथी येऊन सांगून द्या, का हा माणूस वावरात जात व्हता. बस.”

मी गेलो. शनिवार होता. सिंधूताईच्या हॉटेलसमोर दहा-पंधरा माणसं जमली होती, किसनराव बाकाच्या टोकाला बसले होते. मी उभा राहून सांगितलं की वाहेदभाई रोज वावरात जात होते, त्यांचे आकडे खरे होते, आम्हाला दिसलेली जागा चुकीची होती. किसनरावांनी मान वर केली आणि विचारलं, “म्हंजे मशिनीची चूक झाली म्हना.”

तो क्षण मला आजही जशाचा तसा आठवतो. सिंधूताई कपबशा विसळत होत्या, त्या थांबल्या होत्या. वाहेदभाई माझ्याकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. मला एकच शब्द बदलायचा होता.

मी म्हणालो, “हो. मशीनची.”

नंतर वाहेदभाई मला गाडीपर्यंत पोचवायला आले. म्हणाले, “तुमचं येनं झालं, हे लय झालं.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

ते आमच्याकडे परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या खर्चाने सहा सापळे आणले आणि त्याच शिवारात लावले. मोजून काडेपेट्या भरायचे आणि सिंधूताईच्या हॉटेलात फळीवर ठेवायचे, ज्याला पाहायचं त्याने उघडून पाहावं. हे मला इतरांकडून कळत राहिलं. प्रकल्प दोन वर्षांनी संपला. मी दुसरीकडे गेलो, पण ती फाईल मी सोबत ठेवली.

यंदा जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाने निवृत्त होणाऱ्या लोकांकडून त्यांना भेटलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून मागितलं. मला दुसरं कोणी सुचलं नाही. इथवर लिहून झाल्यावर मी कागद घेऊन फाट्यावर गेलो. वाहेदभाई तिथेच होते. आता दाढी पूर्ण पांढरी. किसनराव त्यांच्याच बाकावर, शेजारी. दोघांमध्ये एक काडेपेटी उघडी पडलेली.

मी वाचून दाखवलं. राजकुमारचं वाचलं, जावईबापूंचं वाचलं, तांत्रिक कारणाचं वाचलं. संपल्यावर किसनरावांकडे वळून मी म्हणालो की त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. मशीनची चूक नव्हती, माझी होती. तुमचा कापूस माझ्यामुळे गेला.

किसनरावांनी काडेपेटीतलं एक पाखरू नखाने उलटं केलं. मग म्हणाले, “ते आमाले तवाच समजलं व्हतं, साहेब. मशिनीची चूक असती तं तुमी कायले आले असते इथलोक? चिठ्ठी धाडली असती.”

पाच वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं ते मी तिथून गाडी सुरू करायच्या आधीच सगळ्यांना कळलेलं होतं. सिंधूताईंनी तीन कप भरले, दोन आम्हाला दिले, एक स्वतःला घेतला आणि वाहेदभाईंसमोर पाण्याचा पेला ठेवला. मी कापसाचं विचारलं. किसनराव म्हणाले की त्या वर्षीचा गेला तो गेला, आता दरवर्षी पेटी पाहूनच डोमकळ्या तोडतो. माफ केलं असं कोणी म्हणालं नाही. मीही मागितली नाही. मागितली असती तर त्यांना ती देणं भाग पडलं असतं.

निघताना वाहेदभाईंना विचारलं, यात काही बदलायचं आहे का.

“चहाचं बराबर लिवलं तुमी,” ते म्हणाले. “फक्त माहं नाव पुरं लिवा. तुमच्या त्या सूचनेत नावच नव्हतं. आता छापूनच राह्यले, तं पुरं लिवा.”

म्हणून लिहितो. वाहेद गफूर मन्सुरी, राहणार पिंपळगाव राजा. सन २०१८च्या ऑगस्ट महिन्यात सव्वीस दिवस रोज सकाळी सात ते साडेबारा ते सापळे मोजायला वावरात होते.